बाटलीतलं पाणी

माह्या घरधन्यानं जन्मात दारूच्या थेंबाले बोट लावलं नाही, अन् तरी अर्ध्या बुलढाणा जिल्ह्यानं त्यायले दारू पिऊन झोकांड्या खाताना पाह्यलं. सोताच्या डोळ्यानं पाह्यलं, असं छाती ठोकून सांगतात लेकाचे. तेव्हापासून कोणाच्या डोळ्यावर माहा भरोसा नाही. माह्या सोताच्या डोळ्यावरबी नाही.

नवऱ्याचं नाव घेऊ नाही म्हणतात, पण घेतल्याबिगर तुमाले समजन कसं? हिंमतराव. अन् मी सोजराबाई, धामणगाव बढ्याची. माणूस असा गरीब की दुसऱ्याच्या गाईनं आमचं वावर खाल्लं तर गाईलेच हात जोडीन. त्यायचा बाप पिऊन पिऊन मेला. तेव्हापासून दारूचा नुसता वास आला तरी त्यायले मळमळे. पंगतीत कोणी पिऊन बसलं की हे भरल्या पानावरून उठत. अशा माणसाले बदनाम केलं कोणी? दारूबंदीवाल्यायनं! बाप्पा बाप्पा, काय जमाना आला.

महाराष्ट्र होऊन दोनक वर्षं झाली होती. उन्हाळ्याचे दिवस. मुंबईहून सिनेमाची कंपनी आली. कंपनी म्हणजे काय, दोन माणसं अन् एक खटारा जीप. एक चष्म्यावाला साहेब, पांढऱ्या बुशकोटातला. दुसरा कॅमेरा चालवणारा तुळशीराम, आपल्या मलकापूरचाच बुढा. साहेब म्हणे, "आम्ही शेतकऱ्याच्या कष्टावर छोटा सिनेमा काढतोय. दहा मिनिटांचा."

कष्टावर! बरं बावा, म्हटलं, कष्ट आमच्या घरी पाह्यजे तेवढे, घेऊन जा पोत्यानं.

त्या दिवशी आम्ही बायका अंगणात मिरच्या कांडून राह्यलो होतो. वर्षाचं तिखट होतं. मिरची कांडणं म्हणजे डोळ्याची अन् नाकाची धार एक. तोंडाले पदर बांधला तरी ठसका काही सोडत नाही. तुळशीराम आला अन् त्यानं त्याची मशीन माह्या तोंडापाशी आणली. इतकी जवळ आणली की मले वाटलं, नाकात घालते का काय हा बुढा.

"सोजराबाई, तसंच राहा. पदर डोळ्याले लावा. हां. आता जराशा आभाळाकडं पाहा."

म्या पाह्यलं. मशीनची घरघर झाली. बाकीच्या बायका पदराआड खुदुखुदू हसून राह्यल्या होत्या, अन् माह्या डोळ्यातून गंगाजमना.

तिकडे घरधनी गारा तुडवून राह्यले होते. आमच्या पुष्पाचं लग्न यंदा नाही तर पुढल्या साली करायचंच होतं, म्हणून पाहुण्यायसाठी मातीची एक खोली काढली होती. भिंतीसाठी माती, कुटार म्हणजे भुसा, अन् पाणी कालवून पायानं तुडवा लागते. गुडघ्याएवढ्या चिखलात पाय सरकतात, माणूस इकडून तिकडे डुलते. तुळशीरामनं खाली बसून नुसते त्यायचे पायच घेतले. मंग मशीन एका अंगाले वाकडी केली.

म्या इचारलं, "मशीन वाकडी काऊन करून राह्यले हो?"

"सिनेमात छान दिसते, बाई."

साहेबानं जीपमधून एक बाटली आणली. "दादा, ऊन फार आहे. पाणी घ्या."

हे लाजले. आमच्याकडे बाटलीत असते घासलेट, नाही तर दवाखान्याचं औषध. पाणी आपण लोट्यानं पेतो. पण एवढा मोठा साहेब मायेनं देऊन राह्यला, नाही कसं म्हणावं? तोंडाले लावली अन् गटागटा पेले. मनगटानं तोंड पुसलं. ऊन डोळ्यात जात होतं म्हणून डोळे मिचकावले. मशीनची घरघर चालूच.

दुपारी त्या दोघायले आम्ही जेवू घातलं. भाकर, ठेचा, कांदा, अन् ताकाचा हंडाच समोर ठेवला. साहेब जेवून जीपमधी आडवा झाला. तुळशीराम मात्र बायकायत गोष्टी सांगत बसला. पोट्टा होता तेव्हापासून तो तंबूच्या सिनेमासंगं हिंडलेला होता. तेव्हा सिनेमा मुका होता म्हणे. बैलगाडीत मशीन घालून बाजाराच्या गावी जायचं, तंबू ठोकायचा, हातानं दांडा फिरवायचा. हात थकला की पडद्यावरचे राजे-राण्या सावकाश चालत, अन् हाताले जोर आला की समदे पळत सुटत.

"अन् राण्या कसल्या!" तुळशीराम म्हणे. "सुरुवातीले सिनेमात काम कराले बाईच मिळे ना. मिशा उतरवून गडी लुगडं नेसत."

आम्ही हसलो. आमच्या कौशल्याबाईनं, म्हणजे माह्या जावेनं, इचारलं, "अन् लोकायले समजे नाही?"

"लोकायले पडद्यावर जे दिसते ते खरंच वाटते, बाई." मंग त्यानं फ्रान्स देशातल्या एका जादूगाराचं सांगतलं. तो जादूगार भर रस्त्यात मशीन लावून उभा होता. मशीन अटकली. त्यानं खाटखूट करून पुन्हा चालू केली. घरी जाऊन पडद्यावर पाह्यलं तं काय? माणसायनं भरलेली घोड्यायची गाडी चालली होती, ते एकाएकी मुडद्याची गाडी झाली. मधात मशीन बंद पडली, तेवढ्यात एक गाडी गेली अन् दुसरी आली, बस्स. "तसं म्हणतात बावा, म्या काही पाह्यलं नाही. पण आमचा समदा धंदा त्याच्यातूनच निघाला. इथं तोडायचं, तिथं जोडायचं."

म्या म्हटलं, "म्हणजे खोटं करायचं."

"खोटं नाही. आता तुमचं रडतं तोंड म्या घेतलं. नुसतं तोंड काही बोलत नाही. त्याच्यापुढं मयत जोडली, लोक म्हणतीन बिचारी रांडावली. नवरीची गाडी जोडली, म्हणतीन लेक सासरी चालली. तोंड तेच. शेजारी काय जोडलं, ते बोलते."

"मंग खरं काय ते कोण सांगन?"

"ते लोक बसल्या जागी ठरवतात," तो म्हणे, अन् ताक पेला.

आम्हाले मोठी गंमत वाटली. माहं तोंड त्याच्या डब्यात बंद होऊन चाललं होतं, अन् मी त्याले आग्रह करकरून दुसरी भाकर वाढून राह्यली होती.

दिवाळी झाली अन् पुष्पाची सोयरीक जुळली. वरवट बकालचे उकंडराव, त्यायचा पोरगा. भाजीपाल्याचं वावर, विहिरीले पाणी, माणसं तालेवार. पण उकंडरावाचं एक होतं. त्यायची मोठी पोरगी सिंधूताई दारुड्याच्या घरी पडली होती. चार वर्षं मार खाऊन माहेरी आली, ते कायमची. म्हणून उकंडराव पोरगी पाह्याले आले तेव्हा रंग नाही इचारला, रूप नाही इचारलं. पहिली गोष्ट इचारली ते ही, "घरात कोणी पेते का?"

अख्खं गाव बोललं, हिंमतराव अन् दारू? सूर्य पश्चिमेकडून उगवन! मधला माणूस किसनराव, त्यानं तं गळ्याची आण घेतली. साक्षगंध झालं. पोरीच्या बोटात आंगठी आली, अंगावर हिरवं लुगडं आलं. पोरगी घरात गुणगुणत फिरे. मी तिले मुद्दाम काम सांगो अन् ती मुद्दाम इसरे.

अन् हिवाळ्यात ते जीप पुन्हा आली. सिनेमा तयार झाला होता. जे दोघं काढाले आले होते, तेच आता गावोगाव दाखवत हिंडत होते. पहिला खेळ आमच्या गावात.

आता आमच्या घरधन्याची अक्कल पाहा. कोण्या शहाण्या माणसानं केलं नसतं ते यायनं केलं. किसनरावाले वरवटले धाडलं अन् होणाऱ्या इवायाले आवतण देल्लं, "या, आमचा कष्ट सिनेमात पाहा." व्याह्याले मान द्याचा ना! माणसं जावळाले बोलावतात, बारशाले बोलावतात, यायनं सिनेमाले बोलावलं. उकंडराव मोठ्या हौसेनं आले. शाळेच्या पटांगणात दोन बांबूले पांढरं कापड बांधलं होतं. अगदी पुढं घोंगडी टाकून दोघं व्याही मांडीले मांडी लावून बसले. मी बायकायत मागं.

सुरू झालं. पडद्यावर चिखलातले पाय आले. घरधनी पोरासारखे ओरडले, "इवाई, ते पाहा! माहे पाय!" लोकायनं टाळ्या पिटल्या. मंग पायाभोवतीचा चिखल दिसे ना, नुसते लटपटणारे पाय. मंग बाटली. मंग हे, बाटली तोंडाले लावून गटागटा पेणारे. मंग तोंड पुसणारे, डोळे मिचकावणारे. मंग समदं गावच वाकडं झालं, घर वाकडं, झाड वाकडं, अन् त्याच्यात हे डुलून राह्यले. टाळ्या थांबल्या.

मंग एक रिकामं मडकं. कोणाचं होतं देवाले माहीत. मंग एक पोट्टं भोकाड पसरून रडणारं, कोणाचं होतं तेबी देवाले माहीत, आमच्या गावात असं पोट्टंच नाही. अन् मंग एका बाईचं तोंड, पडदाभर. पदर डोळ्याले, आभाळाकडं नजर, अन् गालावरून धारा. वरून कोणी तरी भरल्या गळ्यानं बोललं, "हे घर कोणी रडवलं? दारूनं!"

खरं सांगते. घडीभर माह्या मनात आलं, माय वो, बिचारी बाई. काय नशीब घेऊन आली. अन् मंग समजलं का ते मीच हाये.

घरधन्यानं उकंडरावाचा हात धरला. "इवाई, बाटलीत पाणी होतं. साहेबानं देल्लं."

उकंडरावानं हात सोडवून घेतला. "समदे पाणीच म्हणतात, हिंमतराव. आमचा जावईबी पाणीच म्हणे."

गेले. आमच्या घरी पुरणाचा सैपाक झाकून ठेवला होता. त्यायनं पाण्याचा घोटबी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी किसनराव खाली मान घालून आला अन् पुष्पाच्या बोटातली आंगठी अन् हिरवं लुगडं परत मागून घेऊन गेला. पोरीनं लुगड्याची नीट घडी करून देल्ली. माह्या काळजाचं पाणी झालं अन् मंग त्या पाण्याले उकळी फुटली.

साहेबाले म्या त्या सांजीच गाठलं होतं, जीपपाशी. "काय वो साहेब, कष्टाचा सिनेमा म्हटलं होतं ना तुमी?"

साहेब मोठा गोड बोले. "बाई, हा दारूबंदीचा प्रचार आहे. चांगलं काम आहे. ते तुमचे मालक नाहीत, ते पात्र आहे. त्यात कुठं तुमच्या मालकांचं नाव घेतलंय का?"

"नाव कायले पाह्यजे? तोंड हाये ना त्यायचं! गाव तोंडानं ओळखते माणसाले, का पाटी वाचून ओळखते?"

"प्रेक्षकांना कळतं हो, बाई."

"कळलं ना! माह्या इवायाले चांगलंच कळलं!" मी तुळशीरामकडं वळली. "तोडणं-जोडणं तुह्या हातात हाये ना रे बुढ्या? मंग तोड ते! माह्या घरी ताक पेला तू!"

त्यानं साहेबाकडं पाह्यलं अन् मशीनवर फडकं झाकलं. "ते आमच्या हातात नाही, बाई," म्हणे. साहेबानं जीप सुरू केली. माह्या तोंडावर धूर.

अन् गाव? अहो, ज्या गावानं ग्वाही देल्ली होती, तेच गाव! माही जाऊ कौशल्याबाई, जी त्या दिवशी माह्या बाजूले बसून मिरच्या कांडत होती, जिच्या सोताच्या नाकातून धार चालली होती, ती मले पाणवठ्यावर हळूच इचारते, "जाऊबाई, घरात एवढं होतं अन् मले कधी सांगतलं नाही?"

म्या घागर तिथंच आपटली. "भैताड बाई! तू नव्हती का तिथं? मुसळ कोणाच्या हातात होतं?"

"होती वो. पण सिनेमात दिसलं ना."

काय करावं सांगा अशा लोकायचं! जन्मभराचा शेजार एकीकडे अन् दहा मिनिटाचं कापड एकीकडे, अन् कापड जड झालं.

पण समद्यात वाईट मले कायचं वाटलं, सांगू? घरधनी त्या अर्ध्या बांधल्या खोलीत जाऊन बसत. वावरात जात ना, चावडीवर जात ना. एका सांजी मी भाकर घेऊन गेली तं मले म्हणतात, "सोजरे, म्या त्या दिवशी पेलो तर नसन ना? त्या मशीननं पाह्यलं ना. मलेबी ते पाय पेलेल्या माणसाचेच वाटले."

हाणावं असं वाटलं मले. त्यायले नाही, त्या साहेबाले. माणसाची अब्रू घेतली तं घेतली, त्याच्या मनातला त्याचा सोताचा भरोसाबी चोरून नेला.

अशात किसनरावाकडून समजलं की आजूबाजूच्या गावायत दाखवून आता खेळ वरवट बकालले हाये, बाजाराच्या दिवशी. म्हणजे ज्या गावात पोरगी द्याची, त्या अख्ख्या गावासमोर आता तिचा बाप झोकांड्या खाणार. एकदा ते झालं की संपलं. उकंडरावानं मनात आणलं तरी गावाच्या तोंडापुढं त्यायले मागं फिरता आलं नसतं.

म्या डब्यातल्या वाळल्या लाल मिरच्या पदरात बांधल्या. चांगल्या पायलीभर. घरधनी दारात आडवे झाले. "नोको जाऊ. आणखी हसू होईन."

"हसू झालंच हाये. आता ठसका होऊ द्या," म्हटलं, अन् निघाली.

मलकापूरले गाडी बदलून वरवटले पोचली. दिवस मावळला होता. थंडी कडाक्याची. बाजारतळावर कापड बांधलं होतं, माणसं घोंगड्या पांघरून खाली बसली होती, अन् मागच्या बाजूनं तीन-चार शेकोट्या पेटल्या होत्या. तुळशीराम मशीनपाशी, साहेब खुर्चीवर. पुढं गावची पंचमंडळी, त्यायच्यात उकंडराव. वारा माह्या पाठीकडून त्यायच्याकडं वाहत होता. म्या पदर नाकाले गच्च बांधला अन् शेकोटीपाशी जाऊन बसली.

पाय आले. लोक हसले. बाटली आली. कोणी तरी शिटी मारली, "वा रे पठ्ठे!" म्या दात खाल्ले, पण बसून राह्यली. गाव वाकडं झालं. मडकं आलं. पोट्टं रडलं. अन् मंग पडदाभर माहं तोंड, आता शेवटपर्यंत तेच. बायका चुकचुकल्या. माह्या बाजूची म्हातारी बोलली, "बिचारी. कायचा नवरा देल्ला देवानं."

मी उठली अन् पहिल्या शेकोटीत ओंजळभर मिरच्या टाकल्या. मंग दुसरीत. मंग तिसरीत. उरलेल्या चौथीत, पदर झटकून.

बाप्पा! आधी मागचे खोकलले, मंग मधले, मंग पुढचे. ढास लागली. घोंगड्या तोंडावर गेल्या. पोट्टे रडाले लागले, बायकायच्या डोळ्याले धारा, गड्यायच्या मिशा नाकाच्या पाण्यानं भिजल्या. कोणी तरी ओरडलं, "अरे, कोण हाये ते? काय करून राह्यली ते बाई?"

"दृष्ट काढून राह्यली!" मी ओरडली. "माह्या घरधन्याची! तुमच्याच डोळ्यायची लागली ना त्यायले? मंग तुमच्याच डोळ्यातून काढते!"

मी तशीच लोकायतून चालत पुढं गेली अन् पडद्यासमोर उभी राह्यली. मशीनचा उजेड माह्या अंगावर. मागं माहं मोठं तोंड, पुढं मी. म्या नाकाचा पदर सोडला.

"पाहा! हीच ते बाई. सोजराबाई. धामणगाव बढ्याची. रडून राह्यले ना समदे? मंग आता सांगा, कोणाकोणाचा नवरा पिऊन आला? सांगा ना! तुमी काऊन रडून राह्यल्या वो, मावशी? तुमचं घर कोणी बुडवलं? मिरचीनं ना? मंग माहंबी मिरचीनंच! वर्षाचं तिखट कांडत होती मी. याच बुढ्यानं माहं तोंड नेलं अन् बाटलीपुढं जोडलं!"

साहेब धावत आला. चष्मा हातात, डोळे लालभडक, नाकातून पाणी. "हा सरकारी प्रचार आहे! अडथळा आणताय तुम्ही! पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा! पण आधी, तुळशीराम, आण तुही मशीन. घे या साहेबाचं तोंड, असंच घे. अन् जोड त्याच्यापुढं बाटली!"

आता लोक खोकलता खोकलता हसाले लागले. तुळशीरामनं मशीन बंद केली. पडद्यावरचं माहं तोंड विझलं. कंदील अन् शेकोट्या तेवढ्या राह्यल्या.

"सांग आता," मी म्हटलं. "माह्या भाकरीची आण हाये तुले. बाटलीत काय होतं?"

बुढ्यानं साहेबाकडं पाह्यलं. साहेबानं मान हलवली, नाही म्हणून. बुढा खाली पाहून बोलला, "पाणी होतं. बाटली म्याच भरली होती."

मले वाटलं झालं. जिंकलं. पण उकंडराव उठले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. "सोजराबाई, पाणी असन, मिरची असन. पण तुमी नवऱ्यासाठी एवढ्या दूर आल्या, म्हणूनच मले शंका येते. बायका झाकतातच. माह्या सिंधूनंबी चार वर्षं नवऱ्याचं झाकलं. म्या त्या दिवशी तुमचं तोंड पाह्यलं. ते दुःखाचंच होतं. डोळ्यानं पाह्यलेलं कसं इसरू?"

या माणसाले आता काय सांगावं? माह्याजवळच्या मिरच्या संपल्या होत्या.

तेवढ्यात बायकायतून एक जण उठली. काटकुळी, डोक्यावर पदर. मी ओळखली, सिंधूताई. साक्षगंधात तिनंच पुष्पाले कुंकू लावलं होतं. ती अख्ख्या गावासमोर कधी बोलली नसन. त्या दिवशी बोलली.

"बाबा, मी तुमच्या दारात एकदा तरी रडत आली का?"

उकंडरावानं डोळ्यावरचा सोगा खाली केला.

"नागपंचमीले आली, दिवाळीले आली. हसतच आली. हातावरचे वळ बांगड्यायनं झाकून, चापूनचोपून लुगडं नेसून हसत आली. तुमी लोकायले सांगत, पोरगी सुखात हाये, म्या डोळ्यानं पाह्यलं. आठवते?" ती थांबली अन् माह्याकडं बोट केलं. "पेणाऱ्याची बायको चारचौघांत पदर डोळ्याले लावत नाही, बाबा. तिची हिंमतच नसते. ती हसते. ही बाई उघड्या अंगणात मोकळी रडली, म्हणजे हिच्या घरी समदं बरं हाये. तुमाले तेव्हाबी दिसलं नाही अन् आताबी नाही."

मिरचीचा ठसका कधीचाच ओसरला होता. तरी उकंडराव सोगा डोळ्याले लावून खाली बसले. सिंधूताईनं माहा हात धरला अन् मले त्यायच्या घरी जेवाले घेऊन गेली.

चौथ्या दिवशी उकंडराव धामणगावले आले. आंगठी अन् हिरवं लुगडं संगं घेऊन आले. चावडीसमोर, समद्यायच्या देखत, त्यायनं आमच्या घरधन्याचे दोन्ही हात धरले अन् माफी मागतली. माह्या जावेनं लगेच सांगून टाकलं की तिले पहिल्यापासून माहीत होतं. फाल्गुनात लग्न झालं. खोली पुरी झाली, त्याच गाऱ्याच्या भिंती. पुष्पा आज तीन पोरायची माय हाये, सुखात हाये. मी तिच्या घरी गेली की तिचं हसू नीट निरखून पाहते, तेबी सांगून ठेवते.

साहेबाचं काही वाकडं झालं नाही. आमच्या भागात तो खेळ पुन्हा आला नाही, पण डबा दुसऱ्या जिल्ह्यात गेलाच असन. तिथं मी कुठं मिरच्या घेऊन जाऊ? तिथल्या लोकायसाठी माहा माणूस अजूनबी पिऊनच हाये.

अन् लग्नाच्या पंगतीतलं सांगायचं राह्यलं. सगळे जेवाले बसले. वाढणाऱ्यानं घरधन्यापुढं पाण्याचा लोटा ठेवला. यायनं तो उचलला, तोंडापर्यंत नेला अन् पुन्हा खाली ठेवला. मंग वाढणाऱ्याले म्हणे, "बावा, वरून ओत." अन् दोन्ही हाताची ओंजळ केली. लोक हसले. उकंडराव हसले नाहीत.

तेव्हापासून आजपर्यंत या माणसानं कोणतंच भांडं तोंडाले लावलं नाही. घरात असो, वावरात असो, ओंजळच. म्या एकदा चिडून इचारलं, "आता काऊन? समद्यायले समजलं ना?"

"पेताना पाणी दिसलं पाह्यजे, सोजरे," म्हणे.

आज सकाळीबी म्याच वरून पाणी ओतलं.